आभाळावर लावलेली बोली

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनीआपोलिस शहराला खेटून असलेल्या ईडाइना गावात ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘साउथडेल सेंटर’ नावाचा बाजार उघडला. वर छप्पर, आत ७२ दुकाने, मधल्या चौकात झाडे आणि मोठ्या पिंजऱ्यातले पक्षी, आणि बारा महिने चोवीस अंशांच्या आसपास राखलेली हवा. अमेरिकेतला हा पूर्णपणे बंदिस्त असा पहिला मॉल. तो आखणारा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन नाझींच्या तावडीतून निसटून व्हिएन्नाहून आलेला. मिनेसोटात बाहेर हिंडून खरेदी करावी असे दिवस वर्षाकाठी जेमतेम १२६, असा त्याचा हिशेब होता. बाकीच्या दिवसांतही गिऱ्हाईक घराबाहेर पडायला हवे, तर हिवाळ्यालाच दाराबाहेर ठेवा, ही त्याची युक्ती. हिवाळा दाराबाहेर राहिला खरा, पण तिथेच ५,२०० मोटारींचा उघडा वाहनतळही होता.

येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला सव्वातीनशे चौरस फूट लागतात असे मानले, तर ५,२०० मोटारींना सुमारे ३९ एकर डांबर लागते. ताज्या बर्फाचे दहा इंच वितळून साधारण एक इंच पाणी होते. या प्रमाणाने एका एकरावर पडलेल्या एक इंच बर्फाचे वजन दहा टन भरते. म्हणजे एका रात्रीत सहा इंच पडला, की ३९ एकरांवर सुमारे २,४०० टन माल येऊन पडतो. कोणी मागवलेला नाही, कोणाला नको आहे, आणि सकाळी दुकानाचे शटर वर जायच्या आत तो बाजूला झालेला हवा. तो बाजूला कोणी करायचा आणि किती पैशांत, यासाठी दरवर्षी उन्हाळा सरता सरता निविदा निघतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात घाम पुसत माणसे जानेवारीच्या बर्फाचा दर ठरवतात.

बर्फ हटवायचा असतो, ही कल्पनाच तशी नवी. घोड्यांच्या काळात उत्तर अमेरिकेला बर्फ हवाच असायचा. चाकांच्या गाड्या बाजूला ठेवून लोक घसरगाड्या जुंपत, आणि मऊ बर्फावर घसरगाडी रुतू नये म्हणून न्यू इंग्लंडच्या खेड्यांत लाकडी रूळ फिरवून रस्ता घट्ट दाबून घेत. कोणी मीठ टाकून बर्फ वितळवला तर लोक अंगावर येत. मिठाने घसरगाडीचा रस्ता बिघडायचा, आणि पादचाऱ्यांचे जोडे नि कपडेही.

शहरांत हे चित्र पालटले. घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर वापरल्याची पहिली नोंद १८६२ ची, मिल्वॉकी शहरातली. नांगराची गंमत अशी, की तो बर्फ नाहीसा करत नाही, नुसता सरकवतो. रस्ता मोकळा झाला की पदपथावर आणि गल्लीच्या तोंडाशी ढिगारे उभे राहत. दुकानदार ओरडू लागले, की आमच्या दारासमोर डोंगर उभा केलात, आता गिऱ्हाईक आत यायचे कसे? काहींनी नांगर चालवणाऱ्या कंपन्यांवर दावेही लावले. ढिगारा कुठे करायचा, हा प्रश्न तेव्हापासून या धंद्याच्या पाचवीला पुजलेला आहे. आजच्या कंत्राटातही त्याचे वेगळे कलम असते, आणि बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

मार्च १८८८ च्या हिमवादळाने न्यूयॉर्कची खोड मोडली. शहरात २१ इंच बर्फ मोजला गेला, पण वाऱ्याने त्याचे जे डोंगर रचले ते कितीतरी उंच होते. पुलावरून धावणाऱ्या गाड्या जागच्या जागी अडकल्या, तारा तुटून लोंबकळल्या. पूर्व किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसे दगावली, त्यांतली सुमारे दोनशे एकट्या न्यूयॉर्कमधली. वादळ शमल्यावर शहराने मिळतील त्या घोडागाड्या आणि मिळतील ती माणसे भाड्याने लावून बर्फ नदीत लोटायला सुरुवात केली. काही रस्त्यांवर लोकांनी शेकोट्या पेटवून तो वितळवला. या वादळाने दोन गोष्टी कायमच्या पुढे रेटल्या: तारा जमिनीखाली गेल्या, आणि गाड्याही जमिनीखालून नेण्याच्या कल्पनेला बळ आले. तिसऱ्या गोष्टीची चर्चा कमी होते. बर्फ हा शहराच्या जमाखर्चातला नेहमीचा रकाना झाला.

रकाना आला की कंत्राट आले. मोजायचे कसे, हा पहिला पेच. गाडीमागे पैसे द्यावेत, तर हलक्या हाताने भुसभुशीत भरलेली गाडीसुद्धा भरलेलीच दिसते. घनमापावर द्यावेत, तर दाबलेल्या आणि सैल बर्फाचे माप एकच कसे? शिवाय वाटेत माल वितळत असतो. मुंबईच्या नालेसफाईची बिले आणि गाळाच्या वजनावरून दरसाल पेटणारे वाद ज्यांनी वाचले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच, की गाळ निदान पुरावा म्हणून मागे राहतो. बर्फाचा पुरावा चार दिवसांत गटारात गेलेला असतो.

पुढची चाळीस वर्षे यंत्रांची. १९२० च्या सुमारास शिकागोत बर्फ उचलून ट्रकमध्ये भरणारे ‘बार्बर-ग्रीन’चे लोडर आले. क्विबेकमधल्या आर्थर सिकार या माणसाने १९२५ मध्ये बर्फ खेचून घेऊन लांब फेकणारे यंत्र बनवले, आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमों गावाने ते विकत घेतले. ही यंत्रे नगरपालिकांच्या ऐपतीची होती. एकट्यादुकट्या माणसाच्या हाती हा धंदा आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्करासाठी बनलेल्या जीपची नागरी आवृत्ती १९४५ मध्ये बाजारात आली. चारही चाकांना ताकद, किंमत आवाक्यातली, आणि पुढे पाते बसवायला सोयीची. पात्याचे कारखानेही मागोमाग निघाले. क्लीव्हलँडचे ‘मायर’ १९२६ पासून होतेच, मेन राज्यातल्या रॉकलंडमध्ये १९४८ मध्ये ‘फिशर’ निघाले आणि मिल्वॉकीत १९५० मध्ये ‘वेस्टर्न’. यानंतर पेट्रोलपंपवाला, बागकाम करणारा, डांबर टाकणारा कोणीही नोव्हेंबरात आपल्या गाडीला पाते जोडून बर्फवाला होऊ शकत होता.

बागकाम आणि डांबरवाल्यांचे या धंद्याशी नाते आजही घट्ट आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. थंड मुलखात नोव्हेंबर ते मार्च त्यांची मूळ कामे ठप्प असतात. ट्रकचे हप्ते मात्र ठप्प होत नाहीत. चांगला माणूस चार महिने घरी बसवला तर वसंतात परत येईलच असे नाही. म्हणून बरेच जण बर्फाचे काम घेताना नफ्याआधी हप्ता आणि पगार निघतो का ते पाहतात. बोली इतकी खाली का जाते, याचे अर्धे उत्तर इथे सापडते.

मिठाची गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यावर मीठ टाकून पाहिले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते आपले रीतसर धोरण केले. त्या हिवाळ्यात देशभरच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडले. आता अमेरिकेत वर्षाला रस्ते आणि वाहनतळांवर पडणारे मीठ दोन कोटी टनांच्या आसपास असते. एकोणिसाव्या शतकात मीठ टाकणाऱ्याला शिव्या बसत, विसाव्यात न टाकणाऱ्याला कोर्टाची नोटीस येऊ लागली.

या सगळ्याला मॉलच्या वाहनतळाने नवे माप दिले. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बाजारसंकुलांच्या नियोजनात दर हजार चौरस फूट दुकानी जागेमागे साडेपाच मोटारींची जागा ठेवा, असा दाखला प्रमाण मानला जाऊ लागला. हा आकडा रोजच्या गर्दीवरून काढलेला नव्हता. तो वर्षातल्या अगदी मोजक्या, सर्वाधिक गर्दीच्या तासांसाठी होता, आणि ते तास येतात थँक्सगिव्हिंग ते नाताळ या दिवसांत, नेमका पहिला मोठा बर्फ पडतो तेव्हा. एरवी अर्धा रिकामा पडणारा तळ ज्या दिवशी कोपऱ्यापर्यंत लागतो, त्याच दिवशी तो कोपऱ्यापर्यंत साफ हवा असतो. बर्फाचे ढीग लावायलाही तेच कोपरे लागतात.

म्हणून जाणता बोलीदार कागद हातात घेण्याआधी तळ पायी फिरतो. तो पाहतो ती यादी बाहेरच्याला कंटाळवाणी वाटेल, पण पैसा तिथेच आहे. पावसाळी गटाराच्या जाळ्या कुठे आहेत? ढीग जाळीच्या वरच्या अंगाला लावला, तर दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी सगळा तळ ओलांडून जाळीकडे धावते आणि संध्याकाळी वाटेतच गोठते. डांबरावर काचेसारखी पसरलेली ही पातळ चादर दिसत नाही, म्हणून तिला तिकडे काळा बर्फ म्हणतात. उतार कुठल्या दिशेला आहे, इमारतीची सावली कुठे पडते, झाडे लावलेले मधले चौथरे किती, त्यांच्या कडा कुठे तुटल्यात, आगीचे नळ कुठे दडलेत, अपंगांसाठीच्या जागा आणि त्यांचे उतरते पदपथ कुठे आहेत, मागच्या बाजूला माल उतरवायचा धक्का रात्री किती वाजता लागतो? दुकान चोवीस तास चालते का? चालत असेल तर तळ कधीच पूर्ण रिकामा मिळणार नाही, आणि रात्रभर उभ्या असलेल्या मोटारींभोवती यंत्राला वळसे घालावे लागतील. मग पहिल्या बर्फाआधी सगळ्या कडांवर रंगीत काठ्या रोवायच्या, कारण आठ इंच बर्फाखाली चौथरा आणि डांबर यांत फरक कळत नाही. ज्या कडा आधीच फुटलेल्या आहेत त्यांचे फोटो काढून ठेवायचे, नाहीतर एप्रिलमध्ये त्यांचे बिल आपल्याच माथी येते.

मग वेळेचे गणित. आठ फुटी पात्याचा पिकअप ट्रक तासाला साधारण एक एकर ओढतो, तोही बर्फ दोन-तीन इंचच असेल तर. मोठ्या लोडरला रुंद पेटी लावली की हा वेग कित्येक पटींनी वाढतो. ही पेटी म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रे असलेले पाते. साध्या पात्याच्या दोन्ही टोकांनी बर्फ ओघळून मागे रेघ राहते आणि ती पुन्हा ओढावी लागते. पेटीतला बर्फ बाजूला सांडत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ‘प्रो-टेक’ कंपनीने १९९० च्या दशकात ती रूढ केली आणि मोठ्या तळांच्या बोलींचे आकडे बदलून गेले. वादळ पहाटे चारला थांबले आणि दुकान सातला उघडत असेल, तर हातात तीन तास. दहा एकरांना किती यंत्रे लागतील, हे त्या तीन तासांवरून ठरते, हंगामात एकूण किती बर्फ पडेल यावरून नाही. नवखे इथेच फसतात. त्यांनी सरासरी हिवाळा काढलेला असतो, आणि गाठ पडते ती एका वाईट रात्रीशी.

सरासरीचा भरवसा किती धरावा, हे बोस्टनच्या दोन हिवाळ्यांनी दाखवून दिले. २०११-१२ मध्ये शहरात मोसमभरात ९.३ इंच बर्फ पडला. २०१४-१५ मध्ये ११०.६ इंच. तीन वर्षांत बारापट. त्या दुसऱ्या हिवाळ्यात शहराने बंदराकडच्या मोकळ्या जागेत रचलेला ढीग ७५ फुटांवर गेला आणि तो पुरता वितळायला १४ जुलै उजाडला. आता या दोन हिवाळ्यांसाठी एकाच दराने बोली लावणाऱ्या माणसाची कल्पना करा.

कंत्राटाचे निरनिराळे प्रकार निघाले ते या अनिश्चिततेवर उतारा म्हणून. सगळ्यांत जुना प्रकार दर फेरीला दर: यंत्र येऊन एकदा तळ ओढून गेले की इतके डॉलर. मालकाला संशय, की हा उगाच फेऱ्या वाढवतो. मग आले इंचांचे टप्पे, दोन ते चारला इतके, चार ते सहाला इतके. तिथे वाद, की इंच मोजायचे कोणी? म्हणून कंत्राटात हवामान केंद्राचे नाव लिहिले जाऊ लागले, बहुधा जवळच्या विमानतळाचे, आणि मग तळ्याकाठच्या मॉलवर आठ इंच पडलेला असताना विमानतळावर तीनच मोजल्याचे कागद पुढे येऊ लागले. बफेलो किंवा ईरीसारख्या महासरोवरांच्या काठच्या गावांत दहा-वीस किलोमीटरवर बर्फाचे माप पार बदलते. २५ डिसेंबर २०१७ ला ईरीत एका दिवसात ३४ इंच पडला. अशा गावात विमानतळाचा आकडा कोणाच्या बाजूचा लागेल ते नशीब. तिसरा प्रकार हंगामी ठोक रकमेचा: नोव्हेंबर ते मार्च, पडो वा न पडो, महिन्याला ठरलेले पैसे. मॉलच्या हिशेबनिसाला हा प्रकार फार आवडतो, कारण वर्षाचा खर्च जानेवारीतच लिहून मोकळे होता येते. पण यात अख्खे आभाळ कंत्राटदाराच्या डोक्यावर. ज्या साली बर्फच पडत नाही त्या साली तो राजा, आणि बोस्टनच्या २०१५ सारख्या साली ठोक दरावर बसलेला माणूस फेब्रुवारी संपायच्या आत बुडीत. हुशार मंडळी म्हणून तीन वर्षांचे कंत्राट मागतात, म्हणजे एक वाईट हिवाळा दोन बऱ्यांत जिरतो, किंवा अमुक इंचांच्या वर वेगळा दर आणि अमुक इंचांच्या खाली काही परत, अशी दोन्हीकडून वेसण घालतात.

या सगळ्यात एक छोटासा आकडा फार मोलाचा: किती बर्फ साचल्यावर यंत्र हलायचे. एक इंच, दोन इंच, कुठे तीन. रुग्णालयांत शून्य, म्हणजे डांबर कायम काळेच दिसले पाहिजे. या आकड्यावर दराचा निकाल लागतो आणि कधीकधी कोर्टाचाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर २००२ मध्ये मेलव्हिल स्नो कॉन्ट्रॅक्टर्स या कंपनीविरुद्धचा खटला आला. एक कर्मचारी आपल्या कंपनीच्या वाहनतळावर बर्फावरून घसरून पडली होती आणि तिने बर्फवाल्यावर दावा लावला होता. त्याच्या कंत्राटात बर्फ तीन इंचांवर गेल्यावर नांगरायचे असे होते. न्यायालय म्हणाले, की एवढ्या मर्यादित करारामुळे तळ सुरक्षित ठेवण्याचे मालकाचे सगळे कर्तव्य कंत्राटदाराकडे गेले असे होत नाही. कंत्राटदाराने स्वतःच धोका निर्माण केला, किंवा पडणारा माणूस त्याच्या कामावर विसंबून होता, किंवा मालकाची जागा त्याने पुरतीच घेतली, या तीन स्थितींत तो त्रयस्थाला जबाबदार धरला जाईल. या धंद्यातल्या वकिलांना हा निकाल पाठ असतो.

मॅसॅच्युसेट्सने नेमके दुसरे टोक गाठले. तिथे जवळपास सव्वाशे वर्षे असा नियम होता, की आपसूक पडलेल्या बर्फावरून कोणी घसरला तर जागेचा मालक जबाबदार नाही. आभाळाने टाकले, मालक काय करणार? मालकाने वा त्याच्या माणसाने बर्फाचे रूप बदलून धोका वाढवला असेल, तरच दावा. डिसेंबर २००२ मध्ये डॅनव्हर्स गावातल्या एका मॉलच्या तळावर, ‘टार्गेट’ या साखळीच्या दुकानासमोर, एक गिऱ्हाईक डांबराला चिकटलेल्या बर्फाच्या तुकड्यावरून पडले. बाजूच्या चौथऱ्यावर नांगरून लावलेला ढीग होता. तुकडा त्या ढिगातून गळून पडलेला, की ढिगाचे पाणी वाहून गोठलेले? जुन्या नियमाप्रमाणे खालच्या न्यायालयाने हा बर्फ नैसर्गिक ठरवून दावा फेटाळला. जुलै २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक आणि अनैसर्गिक बर्फ हा भेदच मोडीत काढला. जमिनीवरच्या इतर कुठल्याही धोक्याबद्दल मालकाने जेवढी वाजवी काळजी घ्यायची, तेवढी बर्फाबद्दलही. योगायोग असा, की टार्गेट ही ज्या डेटन कंपनीची लेक, तिनेच १९५६ मध्ये साउथडेल बांधला होता.

बोलीच्या कागदावर असल्या निकालांचा परिणाम ठळक दिसतो. पूर्वी कंत्राट म्हणजे दर लिहिलेले एक पान, कधी नुसता शब्द. आता त्याला विम्याची प्रमाणपत्रे, दर फेरीची वेळ, तापमान, किती मीठ टाकले, कोणत्या कोपऱ्याचा फोटो किती वाजता काढला, अशी पानेच पाने जोडलेली असतात. मालकांनी आपली जबाबदारी कंत्राटदाराच्या गळ्यात घालणारी कलमे लिहायला सुरुवात केली. एकीकडे पैसे वाचवायला मालक सांगणार, की मी फोन करीन तेव्हाच मीठ टाका, आणि दुसरीकडे कोणी पडला की भरपाई कंत्राटदाराने करायची. हे उघड अन्याय्य होते. इलिनॉय राज्याने २०१६ मध्ये कायदा करून, मालकानेच काम करू दिले नसेल तर त्या अपघाताची जबाबदारी कंत्राटदारावर ढकलणारी कलमे रद्दबातल ठरवली. कोलोरॅडोने २०१८ मध्ये तसाच कायदा केला. त्यामागे कंत्राटदारांच्या संघटनांचा रेटा होता. या धंद्यातली स्नो अँड आइस मॅनेजमेंट असोसिएशन १९९६ मध्ये स्थापन झाली. शंभराहून अधिक वर्षांच्या धंद्याला आपली संघटना इतक्या उशिरा सुचावी, यावरून तो किती विस्कळीत होता ते कळते.

विस्कळीतपणाला दुसरीही बाजू आहे. जिथे बोलीदार मोजके आणि एकमेकांना ओळखणारे, तिथे बोली ही लुटुपुटीची होऊ शकते. मॉन्ट्रियल शहर हिवाळ्यात सुमारे १०,००० किलोमीटर रस्ते आणि पदपथ साफ करते, आणि त्यातले बरेच काम कंत्राटाने जाते. २०१५ मध्ये शहराच्या महानिरीक्षकांनी आपल्या अहवालात लिहिले, की बर्फाच्या कंत्राटांत बोलीदार आपापसात भाग वाटून घेत असल्याच्या खुणा दिसतात. तू माझ्या भागात यायचे नाही, मी तुझ्या भागात येणार नाही. खासगी मॉलच्या तळांवर हे होत नाही असे नाही, फक्त तिथे महानिरीक्षक नसतो.

उलट टोकाची गोष्ट खाली पडणाऱ्या दरांची. एकाच मालकीची शेकडो दुकाने असलेल्या साखळ्यांनी देशभराचे बर्फकाम एका मोठ्या मध्यस्थ कंपनीला द्यायला सुरुवात केली. ती ते प्रांतवार उपकंत्राटदारांना देते, ते पुढे गावच्या पिकअपवाल्यांना. दर पायरीवर थोडा दर गळतो. पहाटे तीनला यंत्रावर जो बसलेला असतो त्याच्या हाती मूळ दराचा किती भाग येतो, हे मॉलच्या मालकाला ठाऊक नसते, आणि बहुधा त्याला ते विचारायचेही नसते. हिवाळा भरात असताना अशा साखळीतला सर्वांत खालचा माणूस पैसे थकले म्हणून काम टाकून जातो, तेव्हा शेवटच्या क्षणी दुसरा शोधावा लागतो आणि तो तिप्पट दर सांगतो. स्वस्त बोली महाग पडते ती अशी.

वाहनतळावरच्या बर्फाने सत्ताही पालटली आहे, हे मात्र शिकागोकरांशिवाय फारसे कोणाला आठवत नाही. जानेवारी १९७९ च्या मध्यावर, आधीच बर्फाखाली असलेल्या शिकागोवर आणखी सुमारे २० इंच पडला. रस्ते नांगरायला मोकळे हवेत म्हणून महापौर मायकेल बिलँडिक यांनी नागरिकांना मोटारी शाळांच्या आणि उद्यानांच्या तळांवर हलवायला सांगितले. ते तळ साफ झाले आहेत, असेही सांगितले. बातमीदार कॅमेरे घेऊन तिथे गेले तर तळ बर्फात पुरलेले. त्यातच शहराने आपल्याच एका माजी उपमहापौराला बर्फ हटवण्याच्या आराखड्यासाठी ९०,००० डॉलरचे काम दिल्याचे बाहेर आले. २७ फेब्रुवारीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी बिलँडिकना हरवले आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. तेव्हापासून शिकागोचा कुठलाही महापौर बर्फाच्या यंत्रांवरचा खर्च कमी करायला सहसा धजत नाही.

आता वाद मिठावर आला आहे. घसरून पडण्याच्या दाव्यांची धास्ती आणि टनामागे मिळणारे पैसे, दोन्ही एकाच दिशेने ढकलतात: आणखी टाका. साधे मीठ उणे नऊ अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, तरी कडाक्याच्या थंडीतही ते मूठमूठ पडत राहते, कारण मीठ टाकल्याची नोंद कोर्टात उपयोगी पडते. ते वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाते, आणि क्लोराइड एकदा पाण्यात गेले की गाळून काढायचा स्वस्त उपाय नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये आंतरराज्य महामार्ग ९३ रुंद करताना ओढ्यांतल्या क्लोराइडचा प्रश्न ऐरणीवर आला. तेव्हा दिसले, की मिठाचा मोठा वाटा सरकारी रस्त्यांखेरीज खासगी वाहनतळांवरूनही येतो. ज्या राज्याने देशाला मिठाची सवय लावली, त्यानेच २०१३ मध्ये कायदा केला, की मीठ टाकणाऱ्याने प्रशिक्षण घेऊन परवाना काढला, ठरलेल्या पद्धतीने काम केले आणि वापरलेल्या मिठाची नोंद राज्याला दिली, तर बर्फावरून पडलेल्याच्या दाव्यापासून त्याला आणि तळाच्या मालकाला संरक्षण मिळेल.

या कायद्याने बोलीचे गणित थोडे वेगळे झाले आहे. वादळाआधीच डांबरावर मिठाचे पाणी फवारायचे, जमिनीचे तापमान मोजायचे, पसरणीच्या यंत्राचे माप तपासून घ्यायचे, यासाठी उपकरणे लागतात, माणसे शिकवावी लागतात, आणि ताशी दर वर जातो. टनामागे मीठ विकून नफा काढणाऱ्याला हे परवडत नाही, कारण कमी मीठ म्हणजे कमी बिल. म्हणून असे काम करणारे कंत्राटदार मिठासकट ठोक दर मागतात. वाचवलेल्या मिठाचे पैसे मग त्यांच्याच खिशात राहतात. मालकाला ही बोली पहिल्या नजरेत महाग दिसते. असे संरक्षण जिथे नाही अशा सीमेपलीकडच्या तळावर तोच कंत्राटदार, तेच यंत्र घेऊन, मीठ मात्र वेगळ्या हिशेबाने टाकतो.